आभाराची बासष्ट कार्डं

"सायेब, खाता उघराचा हाय. पन घरी कलाला नको."

दुपारचे तीन वाजून गेले होते. आमचं काउंटर दोनलाच बंद व्हायचं. ग्रिलच्या बाहेर एक बाई उभी होती. डोक्यावरची मासळीची रिकामी पाटी तिने पायरीवर उतरवून ठेवली होती. हात ओले होते. त्या ओल्या हातात प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत नोटांची सुरळी.

मी म्हणालो, "ताई, उद्या सकाळी दहाला या."

"धाला मी उरनच्या बाजारात म्हावरा इकतंय. तुमी उघरता तवा मी बाजारात, मी येतंय तवा तुमचा कुलूप. मंग मी येव कवा?"

तेव्हा मला त्या शाखेत मॅनेजर म्हणून येऊन सहा महिने झाले होते, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. उरणच्या अलीकडे, खाडीला लागून असलेल्या एका गावात आमच्या बँकेची ग्रामीण शाखा होती. मी, कॅशियर साळवी मॅडम आणि शिपाई बाळाराम, एवढाच स्टाफ. मॅडम कोपरखैरण्याहून दोन बस बदलून यायच्या. बाळाराम गावातलाच, पन्नाशीचा. मी करमाळा तालुक्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी थेट खुर्चीवर बसलो होतो, तीही फिरती. पहिले काही दिवस दारं लावून मी ती फिरवून पाहिली होती, हे आता सांगायला हरकत नाही.

त्याच आठवड्यात वाशीच्या ऑफिसात रिव्ह्यू मीटिंग झाली होती. रिव्ह्यू म्हणजे सगळ्या शाखांच्या मॅनेजरांना एका हॉलमध्ये बसवून एकेकाला उभं करायचं. रिजनल मॅनेजरांनी, म्हणजे आरएम साहेबांनी, माझ्या शाखेचा कागद वर धरला.

"माने, तुमच्या गावात प्रत्येक घरासमोर जीप उभी आहे. सरकारने घेतलेल्या जमिनीचा मोबदला मिळालेलं गाव आहे ते. आणि तुमचं डिपॉझिट बघा. शाळेच्या गॅदरिंगची वर्गणी यापेक्षा जास्त होते."

हॉल हसला.

"मार्चअखेर एक कोटी. नाही झालं तर शाखा उरणला जोडतो. तुमच्या गावात आठवड्यातून दोन दिवस एक माणूस टेबल टाकून बसेल. समजलं?"

"समजलं, साहेब."

डिपॉझिट म्हणजे लोकांनी आमच्याकडे ठेवलेला पैसा. त्यातूनच बँक कर्ज देते. ठेव नाही तर कर्ज नाही, आणि कर्ज नाही तर बँक कशाला हवी? साहेबांचं चुकत नव्हतं. मी सहा महिने गावातल्या पुरुषांच्या मागे फिरलो होतो. ते चहा पाजायचे, "बघू सायेब" म्हणायचे आणि पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी हळदीत ब्रास बँड लावायचे. या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. मोबदल्याचा बराच पैसा हळदीतच वाजून गेला होता.

आणि आता ग्रिलबाहेर एक बाई स्वतःहून पैसे घेऊन उभी होती.

तिचं नाव यमुना. नवरा पांडुरंग, एक मुलगी बारावीला. मुलीला नर्सिंगला घालायचं होतं. मी विचारलं, "घरी का कळायला नको?"

"नवरा वायट नाय, सायेब. दारू नाय पीत, हात नाय उचलीत. पन पैसा दिसला का त्याला हलद दिसते. आता मे महिन्यान पुतन्याची हाय."

मी फॉर्म काढला आणि तिथेच अडकलो. त्या काळी नवीन खातं उघडायला आमच्याकडे इंट्रोड्युसर लागायचा. म्हणजे शाखेच्या एखाद्या जुन्या खातेदाराने "मी या व्यक्तीला ओळखतो" असं लिहून सही द्यायची. आमचे जुने खातेदार म्हणजे गावातले पुरुष. यमुनाचा दीर, चुलत सासरा, सरपंच. ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांचीच सही आणायची!

"ओळख कोण देणार?" मी पुटपुटलो.

साळवी मॅडम पर्स भरत होत्या. त्यांची बस सुटायला वीस मिनिटं होती. त्यांनी पर्स खाली ठेवली.

"सर, माझा पगार याच शाखेत जमा होतो. म्हणजे मी खातेदार आहे की नाही?"

"आहात."

"मग द्या तो फॉर्म. चार वर्षं हिच्याकडून बोंबील घेतेय. एकदाही शिळा दिला नाही. यापेक्षा मोठी ओळख कुठली असते हो?"

यमुना सातवी शिकलेली होती. तिने सावकाश, नीट सही केली. मॅडमनी नोटा मोजल्या. त्या दिवशी त्यांची बस चुकली.

दुसऱ्या दिवशी मी आरएम साहेबांना फोन करून काउंटरची वेळ बदलायची परवानगी मागितली. सकाळी अकरा ते एक, दुपारी तीन ते पाच. ते म्हणाले, "आधी टार्गेट द्या, मग वेळ मागा." मी म्हणालो, "साहेब, वेळ दिल्याशिवाय टार्गेट येणार नाही." एवढ्या धिटाईने मी वरिष्ठांशी कधी बोललो नव्हतो. ते म्हणाले, "मार्चपर्यंत करा. नंतर बघू."

आठ दिवसांनी यमुनाने दोन मैत्रिणी आणल्या. त्यांच्या मागून पाच आल्या. पहिल्या काही जणींना ओळख मॅडमनी दिली. पुढे यमुनाचं खातं जुनं झालं आणि ती द्यायला लागली. मग तिने ओळख दिलेल्या बायका पुढच्यांना द्यायला लागल्या. पुरुषांच्या सह्यांची गरजच संपली. तीन वाजले की पायरीवर पाट्यांची रांग लागायची. आत एकच गलका.

"ए गो, सरक ना पुरं!"

"मॅडम, माजा फोटो बघा कसा कारलाय! भुतीन दिसतंय."

"दिसतंस तसाच कारलाय त्यानी!"

मला तो गलका इतका आवडायचा की सांगता येत नाही. मी काउंटरच्या आतून फॉर्म भरून द्यायचो. अंगठ्याला शाई लावून द्यायचो. पासबुक हातात पडलं की ती बाई ते उघडायची, वाचता येत नसलं तरी आकड्यावरून बोट फिरवायची आणि परत माझ्याकडेच द्यायची. पासबुकं घरी न्यायची सोय नव्हती. बाळारामने एक पत्र्याचा डबा आणला. त्यात सगळी पासबुकं, प्रत्येकीच्या पासबुकाला वेगळ्या रंगाचा दोरा. वाचता न येणारी बाईसुद्धा लांबून सांगायची, "तो हिरवा माजा."

नोटा मात्र ओल्या यायच्या. साळवी मॅडमनी टेबलफॅन जमिनीवर ठेवला, समोर वर्तमानपत्र पसरलं आणि नोटांवर एकेक पेपरवेट. बोंबील वाळत घालतात तशा आमच्याकडे नोटा वाळायच्या. जास्तीची रोकड आम्ही वाशीच्या मोठ्या शाखेत पाठवायचो. तिथल्या हेडकॅशियरचा फोन आला.

"माने, तुमच्या कॅशला वास येतो!"

"ताजा की सुका?" मॅडमनी फोन माझ्या हातातून घेऊन विचारलं.

फेब्रुवारीपर्यंत बासष्ट खाती झाली. एक कोटी अजून लांब होते, पण आकडा दर आठवड्याला हलत होता. रात्री झोपताना मी तो मनात घोळवायचो.

आणि मग मी चूक केली.

हेड ऑफिसचा एक जुना नियम होता. नवीन खातं उघडलं की खातेदाराच्या घरच्या पत्त्यावर पोस्टाने आभाराचं पत्र पाठवायचं. आभार हे निमित्त. खरा हेतू पत्ता तपासायचा. पत्र परत आलं तर पत्ता खोटा. गडबडीत आमची ती पत्रं राहून गेली होती, आणि मार्चमध्ये इन्स्पेक्शन होतं. पत्रांचा छापील नमुना इंग्रजीत होता. मला वाटलं, आपल्या खातेदारांना इंग्रजी पत्र पाठवणं बरं दिसत नाही. माझं अक्षर चांगलं. शाळेत फळ्यावरचा सुविचार मीच लिहायचो. एका शनिवारी शाखा बंद झाल्यावर मी बसलो आणि बासष्ट पत्रं हाताने, मराठीत, मोठ्या सुवाच्य अक्षरात लिहिली. रविवारी सकाळी उरणच्या पोस्टात टाकली. खूप समाधान वाटलं.

सोमवारी अकरा वाजता मॅडम रजिस्टर चाळत होत्या.

"सर, ही आभाराची पत्रं गेली?"

"सगळी. कालच टाकली."

"कुठल्या पत्त्यावर?"

"घरच्या. नियमच आहे ना."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "इंग्रजी फॉर्म पाठवलात ना? तो कुणाला वाचता येणार नाही म्हणा."

"नाही, मराठीत लिहिली. स्वतः."

"पाकिटात?"

पोस्टेज वाचवायला मी पोस्टकार्डं वापरली होती. उघडी. बासष्ट घरांना, बासष्ट उघडी कार्डं. 'सौ. अमुक यांनी आमच्या शाखेत बचत खाते उघडल्याबद्दल मनःपूर्वक आभार.' माझ्या सुवाच्य अक्षरात.

"आनि हसुराम वाचून दाखवतो," बाळाराम दारातून म्हणाला.

हसुराम म्हणजे गावचा पोस्टमन. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नसे, म्हणून तो दारात उभा राहून पत्र मोठ्याने वाचायचा, मग हातात द्यायचा. चांगुलपणाच होता तो. चार घरांना ऐकू जायचा, एवढंच.

त्या क्षणी मला माझी आई आठवली. ती भुईमुगाच्या शेंगा फोडायला जायची. माझ्या फीचे पैसे ती घरी ठेवायची नाही, घरात ठेवले की संपायचे. ती ते शाळेतल्या गुरुजींकडे ठेवायची. चार वर्षं ठेवले. त्या गुरुजींनी कधी आमच्या घरी चिठ्ठी पाठवून आभार मानले नव्हते. म्हणून मी ग्रॅज्युएट झालो होतो.

"बाळाराम, मोपेड काढ!"

पोस्ट ऑफिस गावाच्या वेशीवर होतं. पोस्टमास्तर मुकादमसाहेब, इथल्याच जुन्या मुसलमान घराण्यातले, पांढरी दाढी, नियमाला पक्के. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

ते शांतपणे म्हणाले, "बँकेत चेक थांबवतात ना तुम्ही? स्टॉप पेमेंट?"

"हो."

"तसं आमच्याकडेही आहे. वाटप होईपर्यंत पत्र पाठवणाऱ्याचं. पण फॉर्म भरावा लागतो."

"साहेब, हसुराम निघाला ना पण?"

"निघाला. म्हणून म्हणतो, अक्षर जरा वाईट काढा, पण लवकर लिहा."

मी आयुष्यात इतक्या वाईट अक्षरात काही लिहिलं नसेल. त्यांनी शिक्का मारला, चिठ्ठी हातात दिली. "हे हसुरामला दाखवा. नाहीतर तो देणार नाही. माझाच माणूस आहे."

बाहेर आलो तर बाळारामने मोपेड गावाच्या उलट दिशेला वळवून ठेवली होती.

"अरे, गाव इकडे आहे!"

"हसुराम उलटा फिरतो, सायेब. पयला लांबचा पारा करतो, म्हंजे जेवायच्या वक्ताला सोताच्या घरी पोचतो. बसा!"

लांबच्या पाड्याला जायला मिठागराच्या बांधावरून वाट. बांध हातभर रुंद. दोन्ही बाजूंना पाणी आणि मिठाचे पांढरे ढीग. मी मागच्या कॅरिअरवर, एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या हातात बाळारामचा शर्ट. मिठागरातले लोक काम थांबवून बघत होते. एकजण ओरडला, "काय रं बाला, सायबाला कं पलवून नेतंस?"

"चोर पकराला!" बाळाराम ओरडला.

"कनचा चोर?"

"मागं बसलाय तो!"

पाड्याच्या तोंडाशी पहिलंच घर यमुनाचं. ओट्यावर तिची सासू बरकीबाई बसली होती. आयुष्यभर मासळी विकलेली म्हातारी, पाड्यात तिच्या आवाजाला सगळे टरकून. समोर हसुराम उभा. नाकावर चष्मा, हातात कार्ड. मोपेड थांबली आणि मला माझंच वाक्य ऐकू आलं.

"...उघडल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपला नम्र, शाखा व्यवस्थापक."

मी मुकादमसाहेबांची चिठ्ठी पुढे केली. हसुरामने ती दोनदा वाचली, शिक्का बघितला आणि पिशवीतला गठ्ठा काढून दिला. मी तिथेच ओट्याच्या कडेला बसून मोजला. एकसष्ट. माझा जीव भांड्यात पडला. पण एक उरलं होतं, आणि ते बरकीबाईने कमरेला खोचलं होतं.

"मावशी, ते कार्ड चुकून आलं. परत देता का?"

"माजे घरी आली चिठ्ठी. आता माजी."

हसुरामने मान हलवली. वाटप झालेल्या पत्राला स्टॉप पेमेंट नाही.

म्हातारी माझ्याकडे बघत होती. "सुनंनी खाता उघारलाय. कवरं पैसं हायत?"

"ते सांगता येत नाही, मावशी."

"मी सासू हाय तिची."

"तरी नाही."

"माजे पोरानी इचारला तर? तिचा नवरा हाय तो."

"त्यालाही नाही. कोर्टाचा हुकूम आणला तरच. नाहीतर सरपंच आले तरी नाही."

"मंग ही चिठ्ठी कोनी धारली?"

मी खाली बघितलं. "मी. माझी चूक झाली."

ती उठली आणि आत गेली.

दुपारी तीनला यमुना आली. मी रांगेसमोरच तिला सगळं सांगितलं. लपवून ठेवणं बरोबर वाटलं नाही. तिचा चेहरा उतरत गेला.

"सायेब, मी बाजारान चालीस बायांमदी बसतंय. एकीला नाय बोललो काय घरान लपवलाय. तुमी शिकलेली मानसा, तुमाला तोंड बंद ठेवाला नाय जमला?"

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"माजा सगला पैसा काराचा हाय. आज नाय, उद्या. आज घरी काय होतं ता बघतंय."

ती गेली. मागच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. एकसष्ट कार्डं माझ्या ड्रॉवरमध्ये सुखरूप होती, हे मी प्रत्येकीला दाखवलं. त्यांनी बघितली. पण त्या दिवशी फार कोणी पैसे भरले नाहीत. एकीने नुसतंच विचारलं, "हिरवा दोरा हाय ना अजून?" मी डबा उघडून दाखवला.

रात्रभर मला दोन गोष्टी दिसत होत्या. पाटीसमोर बसलेली यमुना आणि टेबल टाकून आठवड्यातून दोन दिवस बसणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी तीनला यमुना आली. घरी काय झालं, मॅडमनी विचारलं. "काय नाय झाला. सासू रातभर गप. ता जास्ती भ्या वाटतंय." तिने पैसे काढायची स्लिप मागितली. मी दिली. तिने नाव लिहिलं, खाते क्रमांक लिहिला. रक्कम लिहायला पेन टेकवलं आणि पायरीवर काठीचा आवाज आला.

बरकीबाई. रांगेने आपोआप वाट दिली. तिने कमरेचं कार्ड काढून काउंटरवर आपटलं.

"मॅनेजर कं हाय?"

मी उभा राहिलो. यमुनाचं पेन हातातच राहिलं.

"काल बोललास, पोराला नाय सांगनार."

"नाही सांगणार."

"सरपंचाला?"

"नाही."

"माज्या भावाला?"

"कुणालाच नाही, मावशी."

तिने पदराच्या गाठीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यात नोटा नव्हत्या. वाशीच्या एका मोठ्या बँकेच्या फिक्स्ड डिपॉझिटच्या पावत्या होत्या. फिक्स्ड म्हणजे ठरावीक मुदतीसाठी ठेवलेली ठेव. एकाखाली एक, घडी घालून मऊ पडलेल्या. रक्कम वाचून मी परत वाचली.

झालं होतं असं. जमीन तिच्या नवऱ्याच्या माघारी तिच्या नावावर होती. पहिला मोबदला घरात आला आणि हळदीत गेला. मग वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात केस केली. ती जिंकली. पैसे तिच्या भावाने तिला वाशीला नेऊन ठेवून दिले. दर वेळी मुदत संपली की भावाबरोबर वाशीला जायचं आणि पावती बदलून आणायची. आता भाऊ थकला होता.

"पोराला वाटतंय अजून कोर्टान अरकलाय," ती म्हणाली. "अरकला तर अरकला. सुनंचा खाता उघारलास, माजा उघराला काय झाला? पन एक सांगतंय. माजे घरी असली चिठ्ठी धारलीस, तर ही काठी बघ."

शाखेत सगळ्याच हसायला लागल्या. यमुना सोडून. ती सासूकडे नुसती बघत होती.

"तू काय लिवतंस?" बरकीबाईने विचारलं.

"पैसं काराचा..."

"कशाला?"

"तुमाला कलला ना. आता ह्यांना कलल. हलदीला—"

"त्याला कोन सांगनार? मी? बँड आनाला?" म्हातारीने स्लिप ओढली, चुरगळली आणि मॅडमच्या डस्टबिनात टाकली. "पोरीला नर्स कराची हाय का नाय?"

मी फॉर्म भरायला घेतला. ओळख देणाऱ्याच्या रकान्यापाशी आलो. मॅडम म्हणाल्या, "ओळख?"

यमुनाने हात पुढे केला.

फॉर्मवर एक प्रश्न असायचा. अर्जदाराला किती वर्षांपासून ओळखता? मॅडमनी तो वाचून दाखवला.

"वीस वरसा," यमुना म्हणाली आणि सही करता करता खाली मान घालून म्हणाली, "पन ओलखली आज."

बरकीबाईने अंगठा इतका जोरात दाबला की शाई दोन ओळी खाली गेली.

पुढचा महिना कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही, इतका तो पळाला. बरकीबाईने पाड्यात काय सांगितलं, कुणास ठाऊक. पण एकेक म्हातारी काठी टेकत यायला लागली. कुणाची पावती वाशीला, कुणाची पनवेलला, कुणाची तर एका नातेवाइकाच्या कपाटात. कोर्टात अडकलेले पैसे आमच्या काउंटरवर सुटत होते. पत्र्याचे डबे तीन झाले. दोऱ्यांचे रंग संपले, तेव्हा मॅडमनी कोपरखैरण्याच्या बाजारातून भरतकामाचे रेशीम आणले. मी रोज संध्याकाळी बेरीज करायचो. बाळाराम दारात उभा राहून विचारायचा, "झाला?" मी म्हणायचो, "अजून नाही." एकतीस मार्चच्या आठवडाभर आधी एका संध्याकाळी त्याने विचारलं आणि मी नुसता आकडा दाखवला. तो वाचून बाळारामने मोपेडची चावी काढली आणि वेशीवरून पाव किलो पेढे घेऊन आला. पहिला पेढा त्याने मुकादमसाहेबांना दिला होता, म्हणाला.

इन्स्पेक्शनला आलेल्या अधिकाऱ्याने आभाराच्या पत्रांचं विचारलं. मी ती एकसष्ट कार्डं आणि ती काउंटरवर दाखवल्याबद्दल खातेदारांच्या सह्या आणि अंगठे दाखवले. पत्ते बाळारामने स्वतः जाऊन बघितल्याची नोंदही होती. त्यांनी एक कार्ड वाचलं. "अक्षर चांगलं आहे," म्हणाले आणि पुढे गेले.

शाखेला कुलूप लागलं नाही. वेळ तीन ते पाच कायम झाली. पुतण्याची हळद मे महिन्यात झाली, ब्रास बँडसकट. आम्ही तिघं गेलो होतो. पांडुरंगने मला मिठी मारली आणि म्हणाला, "सायेब, कवातरी तुमच्या बँकेन पैसं ठेवाचं हायत. पन आमच्या घरान पैसाच टिकत नाय." मागे ओट्यावर यमुना आणि बरकीबाई शेजारी बसल्या होत्या. दोघींनी एकाच वेळी दुसरीकडे बघितलं.

मुलगी नर्सिंगला गेली. फीच्या पहिल्या ड्राफ्टवर मी सही केली.

वर्षाच्या रिव्ह्यूत आरएम साहेबांनी मला परत उभं केलं. या वेळी हॉल हसला नाही. त्यांनी सांगितलं, तुमच्या शाखेत ठेवी कशा वाढल्या, त्यावर एक पानाची नोट लिहा, सगळ्या ग्रामीण शाखांना पाठवू. मी लिहिली. काउंटरची वेळ बाजाराच्या वेळेशी जुळवावी. ओळखीसाठी स्टाफने पुढे व्हावं. ओल्या नोटांसाठी पंखा ठेवावा. आणि शेवटची ओळ: ग्राहकाचे आभार पोस्टकार्डावर मानू नयेत, शक्यतो मानूच नयेत, गप्प राहावे.

साहेबांनी ती शेवटची ओळ विषयांतर म्हणून काढून टाकली. बाकीची नोट सगळ्या शाखांना गेली. राहिलेली ओळ इथे लिहून ठेवतो आहे.